प्रश्न अकरावा

पार्टिशनपलीकडून कडाक् असा आवाज आला. वाळकी फांदी गुडघ्यावर धरून मोडावी तसा, एकदाच. त्यानंतर काही नाही. वडिलांचं कण्हणं नाही, मणकेवाल्याचं बोलणं नाही. बाहेर बसलेल्यांपैकी कुणी मान वर केली नाही. समोरचा जाड गृहस्थ मोबाइलवर बोट फिरवत राहिला, काउंटरवरच्या बाई स्टेपलरमध्ये पिना भरत राहिल्या. म्हणजे हा आवाज इथे रोजचाच असणार. घराशेजारचे ड्रिलमास्तर तर सांगत होतेच, आवाज आला की समजायचं, काम फत्ते. तिला मात्र सणसणीत राग आला. राग कुणाचा, ते तिला लगेच ठरवता येईना. उमेदवार बरेच होते.

पहिला मान अर्थात वडिलांचा. वय अठ्ठ्याहत्तर, त्यातली चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली, त्यामुळे जगात जे जे अडकतं ते योग्य जागी झटका दिला की सुटतं, यावर त्यांची श्रद्धा. टीव्हीला झटका, नळाला झटका, बरणीच्या झाकणाला झटका. दीड महिन्यापूर्वी त्यांची पाठ दुखायला लागली, बरोबर मधोमध, तेव्हा ते हात मागे नेऊन म्हणाले होते, "दोन मजल्यांच्या मध्ये अडकलंय." तिने गोळी दिली, ती उशीखाली गेली. शेकायची पिशवी दिली, ती खुर्चीच्या पाठीला अडकून राहिली. दुखतंय का विचारलं की एकच उत्तर, विशेष काही नाही. हे 'विशेष काही नाही' ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. मग इथे येऊन मास्तरांची आखडलेली मान एका दिवसात मोकळी झाली, ते गच्चीवर चारी दिशांना मान वळवून दाखवायला लागले, आणि वडिलांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. कायरोप्रॅक्टर हा शब्द त्यांच्या जिभेवर धड बसेना, म्हणून त्यांनी त्या माणसाचं नाव मणकेवाला ठेवून टाकलं. औषध नाही, सुई नाही, कापाकापी नाही, दोन हात आणि अंदाज, आपल्यासारखाच कारागीर आहे तो, असं ते कौतुकाने म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक तिच्या वाट्याला मॅट्रिकला पास झाल्यावरही आलं नव्हतं.

दुसरा मान दादाचा. दादा दुसऱ्या शहरात राहून फोनवरून घर चालवतो. तिने त्याला विचारलं होतं, की अरे, बाबांना हे असलं चालेल का, त्यांना ते आहे ना. दादाने पाच मिनिटांत चार लिंका पाठवल्या आणि खाली लिहिलं, नैसर्गिक आहे, काळजी करू नकोस, जरा मोकळ्या मनाने बघ. मोकळं मन ठेवायला त्याचं काय जातं. तिने कामाच्या दुकानात, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच ठेवून, स्वतः शोधून पाहिलं होतं. एका पानावर हसऱ्या म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला होता आणि खाली लिहिलं होतं, झोप सुधारते, मन हलकं होतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, वयस्कर आणि कॅन्सर असलेल्या रुग्णांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. तिसऱ्यावरही तेच. विचारावं, विचारावं, सगळे सांगतात विचारावं. पण डॉक्टरांना विचारायचं म्हणजे त्यांच्यासमोर वडिलांना बसवून विचारायचं, आणि वडिलांसमोर तो शब्द काढायचा नाही, असं तर घरात ठरलेलं होतं. म्हणजे विचारायचं कसं, हे त्या हसऱ्या बाईने सांगायला हवं होतं.

हे ठरलं चार वर्षांपूर्वी, मोठ्या दवाखान्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये, पाण्याच्या यंत्राशेजारी. डॉक्टरीणबाईंनी दोघा भावंडांना बाजूला घेऊन सांगितलं, प्रोस्टेटचा आहे, वाढ सावकाश असते, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन द्यायचं, कित्येक वर्षं काढतात लोक. दादाने कागदी पेला चुरगळला आणि म्हणाला, त्यांना ग्रंथीचं आहे म्हणून सांगू या. ग्रंथीचं. खोटं नाही, पुरतं खरंही नाही. तिला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं, आणि मनातून सुटल्यासारखंही वाटलं होतं, कारण खरं सांगायची वेळ आली असती तर दादा गाडी पकडून गेला असता आणि सांगायला तीच उरली असती. तेव्हापासून 'ग्रंथीचं इंजेक्शन', 'ग्रंथीच्या डॉक्टरीणबाई'. दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर तो शब्द माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहिलेला, म्हणून ती वडिलांना दर वेळी मागच्या बाजूने, गाड्या लावतात तिकडून नेते. इकडून जवळ पडतं, असं सांगते. जवळ काही पडत नाही, चांगला दोनशे पावलांचा फेरा आहे. रस्त्यातली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची खोड असलेला हा माणूस चार वर्षं त्या फेऱ्यावरून निमूट चालत आला, कधी का म्हणून विचारलं नाही. आपण किती बेमालूम जमवलंय, असंच तिला वाटत राहिलं.

आणि तिसरी ती स्वतः. खरं तर पहिल्याच नंबरावर तिला बसवायला हवं होतं, पण माणूस स्वतःला रांगेत मागेच उभं करतो. गेल्या बुधवारी ते इथे पहिल्यांदा आले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी पाटीला लावलेला फॉर्म दिला. वडिलांनी चष्मा लावला, पेन झटकलं, आणि परीक्षेला बसल्यासारखे एकेक प्रश्न मोठ्याने वाचत सुटले. रक्तदाब आहे का. आहे, लिहितो. साखर. नाही. चक्कर येते का. कुणाला येत नाही, या वयात. पडलात का गेल्या वर्षभरात. नाही. दहाव्या प्रश्नापर्यंत सगळ्या वेटिंगला त्यांची प्रकृती कळली होती. अकराव्याला ते गप्प झाले. तिने न वळता डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचलं. कॅन्सर आहे का, किंवा पूर्वी कधी झाला होता का? हो, नाही, दोन चौकोन. वडिलांचं पेन कागदापासून बोटभर वर थांबलं. मग त्यांनी 'नाही'च्या चौकोनात एक नीटस बरोबरची खूण केली आणि बारावा प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचला. ती कोपऱ्यात टांगलेल्या प्लॅस्टिकच्या कण्याकडे बघत बसली. वरपासून खालपर्यंत तिने मणके मोजले. बिचाऱ्यांना ठाऊकच नाही, तर ते 'हो' कसं लिहितील, असं तिच्या मनात आलं. मग आलं, आत गेल्यावर त्या माणसाला बाजूला घेऊन सांगू. आत वडिलांनी तिला घेतलंच नाही. म्हणाले, शर्ट काढावा लागेल, तू बस बाहेर. आणि पंधरा मिनिटांनी हसत बाहेर आले, आज नुसतं तपासलं, खरं काम पुढच्या बुधवारी.

म्हणजे मध्ये सात दिवस होते. सात दिवसांत एक फोन करता येतो. ती कपड्यांच्या मोठ्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसते, लांबी कमी करायची, कंबर सोडायची, बाही उसवून पुन्हा बसवायची, आणि दिवसभर आरशासमोर उभ्या राहिलेल्या लोकांच्या पायाशी टाचण्या तोंडात धरून बसलेली असते. माणसं आपल्या मापाबद्दल किती बिनदिक्कत खोटं बोलतात ते तिच्याइतकं कुणाला माहीत नसेल. मी आहे तेवढाच आहे हो, कापडच आटलं. ती हो म्हणते आणि कंबर दोन बोटं सोडते. तसं तर याच वर्षी तिने वडिलांच्या तीनही पँटी दीड इंचाने आखूड केल्या होत्या. टाचेखाली यायला लागल्या होत्या. जुन्या तुरपाईच्या दोन ओळी दिसत असताना तिने तिसरी घातली. वडील म्हणाले, कापड सैल पडलंय. ती म्हणाली, हो, हल्ली कापडात दम राहिला नाही. टेरीकॉट कधी दीड इंच सैल पडत नाही, हे ज्या बाईला झोपेतही सांगता येईल तिने दात घालून दोरा तोडला, इस्त्री फिरवली आणि पँटी घडी करून ठेवल्या. कापड वाढलं नव्हतं. माणूस कमी झाला होता. हे आत्ता, या खुर्चीत, तो आवाज ऐकल्यावर तिला सुचत होतं. इतकी वर्षं मापं घेऊन आपण नेमकं शिकलो काय, असं तिला झालं.

तेवढ्यात मोबाइल थरथरला. मोठ्या दवाखान्यातल्या सिस्टर. सकाळी ती इंजेक्शनची तारीख बदलायला फोन करत होती तेव्हा त्या राउंडवर होत्या. बदललेली तारीख सांगून त्यांनी सवयीने विचारलं, बाकी बाबा कसे आहेत. आणि तिने, सहज बोलल्यासारखं, आवाज खाली घेऊन सांगितलं, तसे बरे आहेत, जरा पाठ धरलीये, म्हणून मणके बसवणाऱ्याकडे आणलंय.

मग सिस्टर एकेक शब्द सुटा करत बोलल्या. पाठ कधीपासून. दीड महिना. आणि आम्हाला कळवलं नाही. हाडांचा स्कॅन शेवटचा कधी झाला. वर्ष झालं असेल. "ताई, यांचा आजार हाडात उतरतो तेव्हा बऱ्याचदा पाठीतच उतरतो. शिवाय त्या इंजेक्शनांनी हाडं विरळ होतात, मागेच सांगितलं होतं मी. तो मणका कसा आहे हे बघितल्याशिवाय त्याच्यावर कुणी जोर द्यायचा नाही. मोडला आणि मज्जारज्जूवर दाब आला, तर पाय जातील. कुठे आहेत ते आत्ता?"

आत आहेत, ती म्हणाली.

"मग तुम्ही बाहेर काय करताय?"

ती उठली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, आत पेशंट आहे. तो माझाच आहे, असं म्हणत ती दाराकडे गेली. दार ढकलायच्या आधी तिला वाटलं, आत एक पडदा असावा, एक बाजू असावी, जिथे त्या माणसाला ओढून दोन वाक्यं कानात सांगता येतील. चार वर्षं ती अशीच बाजू शोधत आली होती. पॅसेज, जिना, औषधांच्या दुकानाचा कट्टा, आणि काहीच मिळालं नाही तर डॉक्टरीणबाईंना डोळ्यांनी केलेली खूण. दर वेळी मिळाली होती. इथे खोली एवढीशी. मधोमध एक अरुंद टेबल, त्यावर वडील पालथे, उघडी पाठ वर, आणि तोंड टेबलाला केलेल्या भोकात, जमिनीकडे. त्यांची पाठ तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. कातडी सैल, खांद्याची हाडं वर आलेली, आणि मधला कणा एका जागी किंचित बाहेर फुगलेला, शिवणीखाली दोरा गोळा व्हावा तसा. मणकेवाला तरुणच होता, बाह्या दुमडलेला, त्याचे दोन्ही तळवे त्या फुगवट्याच्या बरोबर वर, अजून टेकलेले नाहीत.

थांबा, ती म्हणाली. तो थांबला, पण हात तसेच ठेवून. आत्ता आवाज झाला तो कसला, असं तिने विचारलं तेव्हा तो गोंधळून म्हणाला, टेबलाचा. हा मधला भाग खाली सोडला, तो जरा घट्ट आहे. अजून मी काही केलेलंच नाही. काय झालं?

काय झालं ते सांगायचं होतं. पण जीभ उचलेना. "यांना ना," तिने सुरुवात केली, "यांना चार वर्षांपूर्वी एक निघालं होतं. म्हणजे ग्रंथीचं. म्हणजे त्याचं इंजेक्शन चालू आहे, तर दवाखान्यातून आत्ता फोन आला की पाठीला ते..." मणकेवाला तिच्याकडे बघत होता, आणि ती वडिलांच्या उघड्या पाठीकडे बघत त्या माणसाला डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न करत होती, आणि तो बापडा काही केल्या समजत नव्हता.

"कॅन्सर आहे मला," टेबलाखालून आवाज आला. "प्रोस्टेटचा. ती म्हणायची नाही."

वडील हे जमिनीशी बोलले होते. शांतपणे, पाटी वाचावी तसं. मणकेवाल्याने हात झटक्याने मागे घेतले आणि स्वतःही एक पाऊल मागे झाला. कोपऱ्यातल्या फाइलमधून त्याने फॉर्म काढला, अकराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि तो उचलून आळीपाळीने तिला आणि वडिलांच्या डोक्याच्या मागच्या भागाला दाखवला. त्याचा आवाज चढला नाही, पण कान लाल झाले होते. हा प्रश्न मी उगाच शोभेला घातलेला नाही, तो म्हणाला. पहिल्या दिवशी हो लिहिलं असतं, तर मी हात न लावता परत पाठवलं असतं. आधी स्कॅन, मग तुमच्या डॉक्टरांचं पत्र, आणि तरीसुद्धा असा दाब मी यांच्या पाठीला कधीच देणार नाही. फार तर खांद्याचे स्नायू हलक्या हाताने सैल करीन, तेही तुमचे डॉक्टर हो म्हणाले तर. मग तो खाली वाकून त्या भोकापाशी गेला आणि विचारलं, आजोबा, पायाला मुंग्या येतात का, जोर कमी वाटतो का, लघवीला काही त्रास. डाव्या पायाला, वडील जमिनीला म्हणाले. आठवडा झाला. चप्पल निसटते, कळत नाही.

आठवडा. तिने चप्पल निसटलेली पाहिली होती. जिन्यात दोनदा. नीट घाला ना बाबा, असं म्हणून खेकसलीही होती. मणकेवाला म्हणाला, आजच्या आज दवाखान्यात, आत्ता, आणि वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. त्याने वडिलांना कुशीवर वळवून, दोन्ही हात देऊन, काचेचं सामान उठवावं तसं उठवलं. शर्टाची बटणं लावायला ती पुढे झाली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

टॅक्सीत ती दादाला मेसेज लिहीत होती आणि खोडत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिच्या तोंडून निघालंच, तुम्हाला कधीपासून माहीत आहे. पहिल्या दिवसापासून, ते म्हणाले. डॉक्टरीणबाई पॅसेजमध्ये बोलत होत्या तेव्हा तपासणीच्या खोलीचं दार उघडं होतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. मग नाही का लिहिलंत, तिने विचारलं. माझ्यासमोर तुम्ही खूण केलीत, नीट, चौकोनाच्या आत. कुणाला फसवत होतात, त्या माणसाला? त्याने पाठीवर हात टाकला असता तर पाय गेले असते तुमचे.

"तू शेजारी बसली होतीस," वडील म्हणाले. "फॉर्म वाचत होतीस. मी बघितलं. हो लिहिलं असतं तर तुझं काय झालं असतं?"

"माझं काय व्हायचंय?"

"चार वर्षं तू मला मागच्या दाराने नेतेस. पावसात, उन्हात. म्हटलं, हिला एवढं जपायचं आहे तर जपू दे. मोडायचं कशाला."

ड्रायव्हरने आरशातून एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला. तिला ओरडावंसं वाटलं, आणि कुणावर ओरडायचं ते पुन्हा कळेना, कारण या सगळ्यात वाईट वागलेलं कुणीच सापडत नव्हतं. वडिलांनी तिच्यासाठी खोटी खूण केली होती. तिने ती वडिलांसाठी पाहून न पाहिल्यासारखी केली होती. दोघांनी मिळून इतक्या प्रेमाने, इतक्या अदबीने एकमेकांचं मन राखलं होतं, की मधल्या मधे एक मणका त्या गरीब पोराच्या तळव्याखाली पोचला होता. दुष्टपणा असता तर निदान कुणाला तरी फैलावर घेता आलं असतं. तुम्ही ना, ती म्हणाली. तू पण, वडील म्हणाले. आणि पुढच्या चौकापर्यंत दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत, नाकं फेंदारून, अगदी एकसारखी बसून राहिली.

दवाखान्यात त्यांना चाकांच्या खुर्चीतून तातडीच्या विभागात नेलं. मूग गिळून चाललेली ती चार वर्षं इथे कुणाच्या गावीही नव्हती. स्कॅनला अजून तासभर होता. फोनवरच्या सिस्टर खाली येऊन डोळे वटारून गेल्या आणि जाताना वडिलांच्या पायावरचं पांघरूण नीट करून गेल्या. मग दुसरी एक सिस्टर कागद आणि पेन घेऊन खाटेशी आली. वेदना कुठे आहे, कशी आहे, केव्हा वाढते, आणि एक ते दहामध्ये किती, एक म्हणजे नाहीच, दहा म्हणजे सहन न होणारी. वडिलांनी सवयीने आधी तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिने ओळखली. ते तिच्या तोंडावरून अंदाज घेत होते, की हिला किती झेपेल. दोन, की तीन. दीड महिना तिला हे असंच मापून मिळत होतं तर. तिचा पुन्हा संताप झाला, पण या वेळी त्याला जायला जागा होती. ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, मी पॅसेजमध्ये थांबते. तुम्ही खरं काय ते यांना सांगा.

ती पडद्यापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"इकडे ये."

ती वळली.

"बस," वडील म्हणाले. "किती वेळा बाहेर जाशील."

ती बसली. सिस्टरने पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं. वडिलांनी या वेळी तिच्याकडे पाहिलं नाही. छताकडे बघत, ओठ मुडपून, त्यांनी मनातल्या मनात काहीतरी नीट तपासून पाहिलं, एकदा, आणि पुन्हा एकदा.

"आठ," ते म्हणाले. "आडवं झालं की नऊ."

सिस्टरने लिहिलं. नऊ, तिने मनात म्हटलं, नऊ, आणि हा माणूस दीड महिना आपल्याला विशेष काही नाही म्हणत होता. काहीतरी चांगलंच सुनवावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण वडिलांनी डोळे मिटून घेतले होते, कपाळावर घामाचे बारीक थेंब होते, आणि ते पहिल्यांदाच, सगळ्यांदेखत, अजिबात न लपवता कण्हत होते. तिने तोंड मिटलं. खुर्ची खाटेजवळ ओढली आणि ऐकत बसली.